चाकांवरचे घर आणि त्याच्याखालची भूमी



आगमनकाळ सुरू झाला की योहान बाप्तिस्त्याची अरण्यातील घोषणा आपल्या कानी पडते. प्रभूसाठी वाट सिद्ध करावयाची, खळगे भरून काढावयाचे, उंचवटे उतरवावयाचे, हा यशया संदेष्ट्याचा प्राचीन संदेश तो लोकांना पुन्हा ऐकवतो. दरवर्षी आपण त्याचा आध्यात्मिक अर्थ लावतो आणि ते योग्यच आहे. परंतु यंदा त्याचा अगदी साधा, फावड्या-घमेल्याचा अर्थही तुमच्यापुढे मांडावा असे मला वाटते. कारण हेच दिवस आपल्या पेडणे महालात पाहुण्यांचे दिवस होत. आणि अलीकडे या पाहुण्यांपैकी काही जण आपले घरच चाकांवर घालून आणतात. ते घर आपल्या भाटात येऊन उभे राहिले, म्हणजे त्याच्याखालची भूमी सपाट आहे की उतरती, घट्ट आहे की भुसभुशीत, हा प्रश्न एकट्या पाहुण्याचा राहत नाही. तो आपल्या मुलाबाळांचाही होतो.

चाकांवरचे घर ही कल्पना तशी नवी नव्हे. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका स्कॉटिश लेखकाने, जो पूर्वी ब्रिटिश आरमारात शल्यवैद्य होता, केवळ प्रवासाच्या आनंदासाठी घोड्यांनी ओढावयाचे एक घर बांधवून घेतले आणि त्याला ‘वाँडरर’, म्हणजे भटक्या, असे नाव दिले. पुढे १९६० नंतरच्या काळात युरोपातील तरुण-तरुणी जुन्या बसगाड्या व व्हॅन घेऊन तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान या वाटेने आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊ लागले. १९७९ साली इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले, आणि ती वाट जवळजवळ मोडली. आता हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी, केरी या गावांत अशी घरे पुन्हा दिसतात. काही परदेशी असतात. काही आपल्याच देशातील असतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी स्वतंत्र धोरणच स्वीकारले आहे, तेव्हा हे पाहुणे यापुढे वाढतील, असे समजून चालावे.

डिचोलीकडील कुटुंबांनाही हा विषय परका नाही. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा ज्यांची चूल खाणीच्या ट्रकवर पेटत होती त्यांना उपजीविकेचे दुसरे मार्ग शोधणे भाग पडले. कुळागराच्या कडेची मोकळी जागा पाहुण्यांच्या गाड्यांना द्यावी काय, असे अशा घरांतून मला विचारण्यात आले आहे. माझे उत्तर असे की अवश्य द्यावी. परंतु जागा देणाऱ्याने गाडी उभी करण्याचे शास्त्र पाहुण्याइतकेच जाणून घ्यावे.

या गाड्यांचे दोन प्रकार असतात. एकात यंत्र व घर एकाच सांगाड्यावर असते. दुसऱ्यात घर निराळे असते आणि मोटार त्याला मागून ओढते. पहिल्या प्रकारची गाडी उभी करणे त्या मानाने सोपे असते. खरी काळजी घ्यावी लागते ती दुसऱ्या प्रकारात. आणि त्याचे कारण आपल्या आजोबा-पणजोबांना न सांगताच कळले असते. बैलगाडी आठवा. बैल जुंपलेले असतात तोवर गाडी तोल सांभाळून असते. बैल सोडले की दांडी एकतर खाली आपटते किंवा मागे भार अधिक असला तर आभाळाकडे उठते. म्हणून जाणता गाडीवान बैल सोडण्यापूर्वी दोन कामे करी. तो चाकांना धोंडे लावी आणि दांडीखाली टेकू देई. ओढीचे घर म्हणजे अशीच, बैलांऐवजी मोटार जुंपलेली, गाडी होय. मोटार जोडलेली असते तोवर मोटारीचा ब्रेक तिला धरून ठेवतो. मोटार सोडताच ती आपल्या भाराची व भूमीच्या उताराची अंकित होते.

मागील हंगामात आपल्याच धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या भाटात जे घडले, ते मी नावगाव न सांगता येथे लिहितो. पाहुणे रात्री उशिरा आले. अंधार होता, सगळे थकलेले होते. त्यांनी आधी मोटार सोडली आणि मग चाकाला लावण्यासाठी धोंडा शोधू लागले. तेवढ्या अवधीत ते घर आपोआप चालू लागले. दहा-बारा फूट घसरत जाऊन ते एका माडाच्या बुंध्याला अडकले. घरातील लहान मुलगा क्षणापूर्वी तेथेच, त्या बुंध्याशी, विजेरी धरून उभा होता. आजीने जेवायला हाक मारली म्हणून तो निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणू लागले, “देवाची कृपा!” खरेच ती कृपा होती, आणि त्याबद्दल त्या घराने मिस्सा सांगितली हेही उचित झाले. परंतु त्यानंतरही त्या भाटात लाकडाच्या चार पाचरी करून ठेवल्या नसत्या, तर त्या कृपेचा आपण काय अर्थ घेतला असता?

अरण्यात सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास सुचविले आणि देवदूत झेलतील अशी खात्री दिली. प्रभूने ती सूचना झिडकारली. देवावर विश्वास ठेवणे निराळे आणि देवाची परीक्षा पाहणे निराळे. पवित्र सभा विवेकाला चार प्रमुख सद्गुणांत गणते, आणि संत थॉमस अक्वायनस यांनी त्याला इतर सद्गुणांचा मार्गदर्शक मानले आहे. चाकाला पाचर लावणे हे भाविकाला न शोभणारे अविश्वासाचे कृत्य नव्हे; ते विवेकाचे, अर्थात भक्तीचेच, कृत्य होय.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. ती क्रमाने लक्षात ठेवावी, कारण येथे क्रमातच सारे रहस्य आहे.

प्रथम जागा निवडावी, आणि शक्यतो दिवसाउजेडी निवडावी. माडाखाली गाडी उभी करू देऊ नये. नारळ पडण्यापूर्वी सूचना देत नाही, हे आपणांस ठाऊक आहे. पाहुण्यास ठाऊक नसते. आंब्या-फणसाची वाळकी फांदी डोक्यावर नाही ना, हेही पाहावे. भाटातील जी सखल जागा पावसात पाणी धरते, ती डिसेंबरात वरून कोरडी दिसली तरी आत मऊ असू शकते. पहारीचे टोक दाबून पाहावे. ते सहज आत गेले तर चाकही जाईल.

जागा ठरली म्हणजे डावी-उजवी बाजू समपातळीत आणावी. हे काम मोटार जोडलेली असतानाच करावयाचे. ज्या बाजूचे चाक खाली आहे त्या बाजूस लाकडी फळ्या पायरीसारख्या रचून मोटारीने घर हळूहळू त्यांवर चढवावे. जॅकने घर उचलून खाली फळ्या सारणे हे धोक्याचे असते. फळी चाकाहून रुंद असावी. चाकाचा काही भाग अधांतरी राहिला तर टायर आतून इजा पावतो. एका बाजूस दोन चाके असतील तर दोन्ही सारखीच उचलावीत.

किती उंची द्यावी, याचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नये, कारण उतारावर उभा राहिलेला डोळा फसतो. आपल्या गवंड्यापाशी पाणसळ असते. ती घराच्या आतील जमिनीवर आडवी ठेवली की बुडबुडा सांगेल ते खरे. पाणसळ नसेल तर गवंडी चिऱ्यांचा थर लावताना वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्यावी. तिचे एक टोक डाव्या चाकापाशी व दुसरे उजव्या चाकापाशी उभे धरावे. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीवर येऊन स्थिर होते. मग प्रत्येक टोकाशी जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची मोजावी. या दोन मापांतील फरक तेवढीच फळ्यांची जाडी. यात गणित नाही, यंत्र नाही. पाणी कोणाचीही भीड ठेवीत नाही, एवढेच.

समपातळीचा एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. तव्यावरचे तेल एका अंगास जाते, झोपलेल्या माणसाच्या डोक्यात रक्त उतरते, न्हाणीचे पाणी उलट दिशेस साचते, हे तर आहेच. परंतु याहून नाजूक गोष्ट म्हणजे कित्येक फिरत्या घरांतील गॅसवर चालणारी शीतपेटी. स्वीडनमधील प्लाटेन व मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली शोधून काढलेल्या पद्धतीवर ती चालते. तिच्यात पंप नसतो. अमोनियाचे द्रावण नळ्यांतून आपल्याच भाराने खाली वाहत येते. पेटी फार वेळ कलती राहिली तर ते द्रावण भलत्या ठिकाणी साचते, ज्योतीच्या उष्णतेने नळी आतून बिघडते, आणि मग पेटी दुरुस्त होत नाही. किती कल चालेल हे यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. कित्येकांत ती मर्यादा तीन अंशांच्या आसपास आढळते. दोन चाकांमध्ये दोन मीटर अंतर असेल तर एक अंश म्हणजे सुमारे साडेतीन सेंटिमीटरचा फरक आणि तीन अंश म्हणजे सुमारे साडेदहा सेंटिमीटरचा. विजेच्या कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या पेटीला एवढे सोवळे लागत नाही.

डावी-उजवी बाजू सम झाली की चाकांना पाचरी लावाव्यात. दोन्ही बाजूंच्या चाकांना, पुढूनही व मागूनही. नुसता गोल धोंडा पुरत नाही; तो चाकाबरोबर लोळतो. पाचर चाकाच्या अंगास घट्ट बसेल अशी तासलेली असावी. घराला स्वतःचा हातब्रेक असल्यास तोही ओढावा. हे सर्व झाल्याची स्वतःच्या हातांनी खात्री करून घेतल्यावर, आणि त्यानंतरच, मोटार सोडावी. वर सांगितलेल्या प्रसंगात नेमकी हीच दोन कामे उलटी झाली होती.

मोटार सुटली की पुढची-मागची पातळी दांडीच्या जॅकने साधावी. त्या जॅकखाली जाड फळी असावी. आपल्या सड्यावरची तांबडी जमीन उन्हात लोखंडासारखी असते, पण एका अवकाळी सरीने तिचा वरचा थर लोण्यासारखा होतो. आणि किनाऱ्याजवळच्या रेताड भाटात तर भार नेहमीच आत रुततो. समजा, एका टेकूवर २०० किलो भार आहे आणि त्याचा पाय ५ सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद आहे. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ८ किलो दाब पडतो. त्याच पायाखाली ३० सेंटिमीटर चौरस फळी दिली तर दाब त्याच्या छत्तिसाव्या हिश्श्यावर येतो. फळीऐवजी चिरा किंवा सिमेंटचा पोकळ ठोकळा वापरू नये. भिंतीत चिरा उत्तम, कारण तेथे भार सर्वांगावर सारखा पसरतो. जॅकच्या टोकाखाली तो अकस्मात फुटतो. आणि केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही, कोणत्याही कारणाने, शिरू नये. मुलांना हा नियम विहिरीच्या काठाच्या नियमाइतकाच कडक सांगावा.

सर्वांत शेवटी चारही कोपऱ्यांवरचे टेकू खाली सोडावेत. येथे पुष्कळांची गैरसमजूत होते. हे टेकू घर उचलण्यासाठी नसतात. घराचा भार चाकांनीच वाहावयाचा असतो. टेकू केवळ जमिनीला घट्ट भिडून, आत माणूस चालला असता घर डोलू नये एवढेच काम करतात. टेकूंनी घर उचलण्याचा हट्ट धरला तर ते वाकतात, कधी सांगाडाच पिळवटतो आणि दारे लागेनाशी होतात. एक रात्र गेल्यावर व प्रत्येक सरीनंतर पातळी पुन्हा पाहावी, कारण जमीन बसते. निघताना क्रम उलटा. आधी टेकू वर घ्यावेत, मग मोटार जोडावी, आणि चाकांच्या पाचरी सर्वांच्या शेवटी काढाव्यात.

जागेविषयी आणखी एक बोलणे आवश्यक आहे. समुद्राची पुळण सपाट दिसते म्हणून गाडी तेथे नेण्याचा मोह पाहुण्यास होतो, आणि ओळखीचा म्हणून आपणही कधी वाट दाखवतो. तसे करू नये. मोरजी व मांद्रे येथील किनारे, गालजीबाग व आगोंद यांच्याबरोबर, २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत कासवांची अंडी घालण्याची स्थळे म्हणून नोंदलेले आहेत, आणि ऑलिव्ह रिडले कासवाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. ती माता याच हिवाळ्यात रात्री वाळूवर चढून येते. बेथलेहेमात ज्या कुटुंबाला उतारशाळेत जागा मिळाली नाही त्याचा उत्सव आपण करणार, आणि त्याच आठवड्यांत दुसऱ्या एका मातेची जागा चाकांखाली घालणार, हे सुसंगत होणार नाही.

त्याचप्रमाणे, पैसे घेऊन पाहुणे ठेवणाऱ्याने १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी अधिनियमाची चौकशी पर्यटन खात्यात करावी, पंचायतीला विचारावे, आणि पाहुणा परदेशी असल्यास त्याची माहिती चोवीस तासांच्या आत अधिकाऱ्यांना कळवावी. हा कागदोपत्रांचा जाच वाटेल. परंतु उद्या काही बरेवाईट घडले तर हेच कागद तुमच्या बाजूने बोलतील.

कुटुंबीयहो, टेकूंविषयी मी जे लिहिले ते लिहिताना आपली घरेही माझ्या डोळ्यांपुढे होती. नवविवाहित दांपत्याच्या संसाराला आई-वडील, सासू-सासरे, भाऊबंद यांचे टेकू हवेतच. त्यांच्यावाचून घर डोलते. परंतु संसाराचा भार त्या दोघांनीच वाहावयाचा असतो. मुलाच्या संसाराचा सारा भार आई आपल्या अंगावर ओढून घेते, किंवा नवरा-बायकोच प्रत्येक गोष्टीत तो दुसऱ्यावर टाकतात, तेव्हा टेकू वाकतो आणि घराचा सांगाडाही पिळवटतो. पातळी आधी, आधार मागून, हा क्रम तेथेही सोडून चालत नाही. आमोस संदेष्ट्याने प्रभूच्या हाती ओळंबा पाहिला होता. भिंत स्वतःस सरळ समजते. ओळंबा खरे काय ते सांगतो. आगमनकाळातील पापकबुली म्हणजे आपल्या घराला तो ओळंबा लावून पाहणेच होय. कोठे काय खचले आहे ते कळल्यावाचून कोणती बाजू किती उचलावयाची ते कळत नाही.

पेडण्याचे आपले चर्च संत योसेफाला समर्पित आहे, आणि तो सुतार होता. श्रमिकांचा आश्रयदाता म्हणून १ मे हा त्याचा सण पोप बारावे पायस यांनी १९५५ साली नेमून दिला. ज्यांच्या घरी जुन्या तुळया, दाराच्या मोडक्या फळ्या पडून आहेत त्यांनी त्या येत्या रविवारी मिस्सेला येताना आणाव्यात. मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आपल्यातलेच सुतार त्यांच्या पाचरी तासून देतील आणि गवंडी पाण्याच्या नळीने पातळी कशी काढावी ते दाखवतील. ज्यांच्या भाटात गाड्या उतरतात त्या प्रत्येक घराने निदान चार पाचरी व चार जाड फळ्या घेऊन जाव्यात. मुलांनाही आणावे. त्यांना हे बघायला आवडेल, आणि या विद्येची गरज मोठ्यांहून त्यांनाच अधिक आहे.

येणारा पाहुणा तुमच्या अंगणात निर्धास्त झोपो, तुमची लेकरे सुरक्षित राहोत, आणि ज्याच्या आगमनाची आपण वाट पाहत आहोत त्याला तुमच्या घरी सरळ वाट सापडो, ही प्रार्थना.

ख्रिस्तात तुमचा,
पाद्री